टोकं बदलताना

डोंगर इतका उभा की गाडीला सरळ चढताच येत नाही.
थोडं पुढं, मग थांबा,
मग पाठ होती तिकडं तोंड करून पुन्हा वर,
भारा घेतलेला माणूस घाट चढतो तशी,
तिरकी तिरकी, दम खात.

अशा तीन जागा.
तिन्ही ठिकाणी ड्रायव्हर आपला ब्रेकचा दांडा काढून
मागच्या टोकाकडं निघतो, मागची गार्ड पुढच्या टोकाकडं,
आणि फलाटाच्या मध्यावर कुठंतरी
तोयोजी आणि मित्सुए समोरासमोर येतात.
टोपीला हात. अर्धं वाक्य.
एवढंच.

अकरा वर्षं त्यांचं बोलणं असं हप्त्यांनी चाललंय.
पहिल्या थांब्यावर प्रश्न,
दुसऱ्यावर उत्तर,
तिसऱ्यावर "असं होय."
उरलंसुरलं उतरताना.
तिच्या घटस्फोटाला एक अख्खा फेब्रुवारी लागला.
त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून संपलेलं नाही.

जून सरत आलाय. अजिसाई रुळांना अशी खेटून फुललीय
की काचांवर ओले गड्डे घासत जातात.
खाली निळे, वर चढताना जांभळट,
आणि पुलापाशी, जिथं बांधकामाचा चुना कधीकाळी सांडला,
तिथं एकदम गुलाबी.
मातीत काय मुरलंय ते या फुलाला लपवता येत नाही.
सगळा डबा एका बाजूला झुकतो.
एक पोरगा प्रत्येक झुबक्याला नाव देत सुटलाय:
ढग. कोबी. आजोबांचं डोकं.

किनुए-सान खालच्या गावातून चढली.
ऐंशी उलटलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत कात्री.
ती फुलं बघत नाही, झुडपं मोजते.
नवरा रुळांच्या टोळीत होता.
दरड खाली येऊ नये म्हणून त्या लोकांनी बांधावर ही लावली,
मुळांसाठी.
"फुलं ही वरकमाई," म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा.
एका वर्षी वादळात पूल वाहून गेला,
गाडी बंद, बारा महिने.
फुलं आलीच होती. किनुए-सान रुळांवरून चालत बघून आली
आणि शेजारणीला म्हणाली,
वेड्यासारखी वाढलीत, कुणी घासून जात नाही ना.

आज पहिल्या थांब्यावर तोयोजीनं विचारलं, "निकाल?"

गाडी मागं निघाली. धुकं. पानांचा खरखराट.

दुसऱ्या थांब्यावर मित्सुए म्हणाली, "पास."

म्हणजे ती ड्रायव्हर होणार.
शरदापासून तिच्या हातात तिचा स्वतःचा दांडा.
आणि एका गाडीला दोन ड्रायव्हर नसतात.
हे त्याच्या लक्षात केव्हा आलं कोण जाणे,
पाऊणशे पावलांच्या त्या फलाटावर,
की नंतर, केबिनमध्ये, जेव्हा काचेवर एक निळा झुबका आपटला
आणि त्यानं उगाच वायपर चालू केला.

तिसऱ्या थांब्यावर "असं होय" यायला हवं होतं.
तो थांबला. तीही.
डब्यातल्या कुणाला काही ऐकू आलं नाही,
पण किनुए-सानला ओठ वाचता येतात,
टोळीतल्या माणसाशी पन्नास वर्षं संसार केलेली बाई,
घणाच्या आवाजात जेवायला हाक मारणारी.

तोयोजी म्हणाला:
"वरच्या वळणाला पाकळ्या पडतात रुळांवर.
ओल्या असल्या की चाक घसरतं.
ब्रेक जरा आधीच धर."

मित्सुएनं टोपीला हात लावला. मग टोपी काढली. मग घातली.

गाडी अकरा सेकंद उशिरा सुटली.
पोरगा म्हणाला, हे बघ, आजोबांचं डोकं, भिजलेलं.
किनुए-साननं पिशवीत हात घालून कात्री चाचपली.
छाटायचं ते फुलं ताजी असतानाच,
जुलै उलटला की पुढच्या सालची कळी कापली जाते.

किती झाली होती मोजून? तिचा आकडा चुकला होता.
तिनं पुलापासून पुन्हा सुरुवात केली.